रोमन स्त्रीजीवनाचा अभ्यास

प्राचीन रोमच्या समाजात स्त्रिया कशा जगल्या, याचा शोध घेणारी इतिहासाची शाखा. साधारणपणे इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून इ.स. पाचव्या शतकापर्यंतचा काळ आणि ब्रिटनपासून इजिप्तपर्यंतचा प्रदेश तिच्या कक्षेत येतो. रोमन स्त्रियांविषयी लिहिलेले पुष्कळ उरले आहे, पण स्त्रियांनी लिहिलेले फारच थोडे. त्यामुळे या अभ्यासात कोणताही मजकूर वाचताना तो कोणी आणि कोणासाठी लिहिला, हे आधी विचारावे लागते.

अडचण नावापासूनच सुरू होते. रोमन पुरुषाला व्यक्तिनाम, कुलनाम आणि बहुधा उपनाम अशी नावे असत. मुलीला वडिलांच्या कुलनामाचे स्त्रीलिंगी रूप मिळे. तुल्लियस घराण्यातली तुल्लिया, कॉर्नेलियस घराण्यातली कॉर्नेलिया. दोघी बहिणी असल्या तर थोरली आणि धाकटी, आणखी एक झाली तर ‘तेर्तिया’, म्हणजे तिसरी. लग्नानंतर नवऱ्याचे नाव लावण्याची, सासरी नाव बदलण्याची रीत तिथे नव्हती. बाई मरेपर्यंत माहेरच्याच नावाने ओळखली जाई. एकाच घराण्यातल्या अनेक कॉर्नेलिया वेगळ्या काढायच्या तर वंशावळी, समाधिलेख आणि नात्यागोत्याचे उल्लेख एकमेकांशी ताडून पाहावे लागतात.

इतिहासकार लिव्ही आणि टॅसिटस, उपहासकवी जुव्हेनल, पत्रलेखक धाकटा प्लिनी हे लेखक हाताशी आहेत, पण त्यांनी रंगवलेल्या स्त्रिया बहुधा आदर्श तरी असतात किंवा भयसूचना तरी. जुव्हेनलच्या सहाव्या उपहासिकेतील उधळ्या, व्यभिचारी बायका पुष्कळ अभ्यासकांनी रोमच्या प्रत्यक्ष बायका म्हणून स्वीकारल्या होत्या. उपहासिका हा अतिशयोक्तीवर चालणारा प्रकार आहे, एवढे साधे भान येण्यास बराच काळ गेला. सम्राट नीरोची आई आग्रिप्पीना हिने आपल्या आठवणी लिहिल्या होत्या. टॅसिटसने त्या वाचून वापरल्या, पण ग्रंथ नष्ट झाला. हे नुकसान भरून येणारे नाही. वक्ता आणि राजकारणी सिसेरोने पत्नी तेरेंतियाला लिहिलेली चोवीस पत्रे टिकली. तिचे एकही उत्तर टिकले नाही, आणि तिने काय लिहिले असेल ते त्याच्या ओळींतून ओळखावे लागते. स्त्रीच्या लेखणीतून आलेले म्हणून सुल्पिकिया या कवयित्रीच्या सहा छोट्या कविता आणि इ.स. २०३ मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेजला मारल्या गेलेल्या पर्पेतुआ या ख्रिस्ती तरुणीची तुरुंगातील नोंद ही ठळक उदाहरणे आहेत.

कायद्याचे साहित्य विपुल आहे. वडील जिवंत असेपर्यंत मुलगी, आणि मुलगाही, त्यांच्या सत्तेखाली असे. इ.स.पू. पहिल्या शतकापर्यंत बहुतेक विवाह असे होत की बायको नवऱ्याच्या अधिकारात जात नसे आणि तिची मालमत्ता वेगळी राही. मात्र वडील वारल्यावरही मोठ्या व्यवहारांना पालकाची, म्हणजे तिच्यासाठी नेमलेल्या पुरुषाची, संमती लागे. सम्राट ऑगस्टसच्या इ.स.पू. १८ आणि इ.स. ९ च्या कायद्यांनी तीन मुले झालेल्या जन्मतः स्वतंत्र स्त्रीला आणि चार मुले झालेल्या मुक्त दासीला या पालकत्वातून सोडवले. दुसऱ्या शतकातला विधिज्ञ गायस तर स्पष्टच म्हणतो, की बायका सहज फसतात म्हणून त्यांना पालक हवा, हे कारण वरकरणी पटणारे असले तरी खरे नाही. कायदा वाचताना त्यामागचे जगणेही शोधावे लागते. इ.स.पू. ४२ मध्ये १,४०० धनाढ्य स्त्रियांवर युद्धकर लादला गेला, तेव्हा त्यांच्यातील हॉर्तेन्सियाने थेट चौकात जाऊन सत्ताधीशांसमोर भाषण केले. ज्या कारभारात आम्हाला वाटा नाही त्यासाठी आम्ही कर का द्यावा, असा तिचा सवाल होता. करपात्र स्त्रियांची संख्या ४०० वर आली.

सामान्य स्त्रीपर्यंत पोहोचण्याची खरी वाट मात्र दगडांवरून जाते. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील रोममधल्या एका समाधिलेखात वाटसरूला उद्देशून क्लॉडियाची ओळख करून दिली आहे. तिचे नवऱ्यावर मनापासून प्रेम होते, तिला दोन मुलगे झाले, त्यातला एक जमिनीवर आहे, दुसरा जमिनीखाली. बोलणे गोड, चाल डौलदार. ‘घर सांभाळले, लोकर कातली’, एवढे सांगून लेख वाटसरूला जायला सांगतो. लोकर कातणे हा गुणवर्णनाचा ठरलेला शब्दप्रयोग होता, त्यामुळे जिच्या थडग्यावर तो आहे तिने टकळी हातात धरली होतीच असे धरून चालता येत नाही. सम्राट ऑगस्टसही बहीण, बायको, मुलगी आणि नातींनी घरी विणलेले कपडे घालण्याचे प्रदर्शन करी.

याहून लांब लेख एका नवऱ्याने पत्नीच्या अंत्यसंस्कारासाठी रचलेल्या भाषणाचा आहे. संसार एकेचाळीस वर्षांचा. यादवीत तो परागंदा असताना तिने त्याच्या सुटकेसाठी सत्ताधारी लेपिडसच्या पायांवर लोटांगण घातले आणि मारही खाल्ला. मूल होत नाही म्हणून तिने स्वतःच घटस्फोट सुचवला, तेव्हा आपण संतापाने भान हरपलो, असे तो लिहितो. अभ्यासक तिला ‘तुरिया’ म्हणत आले, पण दगडाच्या उरलेल्या तुकड्यांवर तिचे नाव नाही.

समाधिलेख एकेकटे वाचण्याबरोबर ते मोजण्याचीही पद्धत रुळली. मुलींचे लग्न किती वयात होई? कायद्याने किमान वय बारा होते, म्हणून सगळ्यांचीच लग्ने बाराव्या-तेराव्या वर्षी होत असे मानले जाई. कोवळ्या वयात मेलेल्या मुलीचा दगड आईवडील उभारतात; ज्या वयापासून तो नवरा उभारू लागतो, ते लग्नाचे वय. या तर्काने इतिहासकार ब्रेंट शॉ यांनी १९८७ मध्ये दाखवले, की सामान्य घरांतल्या मुलींची लग्ने बहुधा अठरा-वीसच्या आसपास होत असावीत. इतकी साधी युक्ती, पण तिने एक जुना समज हलवला.

कष्टकरी स्त्रियाही समाधींवरच भेटतात. रोमच्या ऑस्तिया बंदराजवळच्या दफनभूमीत स्क्रिबोनिया आत्तिके या सुइणीच्या थडग्यावर ती बाळंतीण सोडवत असल्याचे भाजक्या मातीतले शिल्प आहे. सम्राज्ञी लिव्हियाच्या नोकरदासांसाठी बांधलेले सामूहिक दफनगृह १७२६ मध्ये रोममधून निघणाऱ्या आप्पियन मार्गावर सापडले. त्यातील लेखांत केस विंचरणाऱ्या, सुइणी, कपडे शिवणाऱ्या अशा कामासकट नोंदी आहेत. शेतावर आणि खाणावळीत राबलेल्या बहुसंख्य दासींना तेवढाही दगड मिळाला नाही.

ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात भिंतीही बोलतात. युमाकिया या पुजारिणीने चौकालगत स्वतःच्या आणि मुलाच्या नावे भव्य इमारत बांधली, आणि कापड धुणाऱ्या कारागिरांनी तिचा पुतळा उभारला. युलिया फेलिक्सने आपल्या मालमत्तेतले स्नानगृह, दुकाने आणि माडीवरच्या खोल्या पाच वर्षांच्या भाड्याने देण्याची जाहिरात रंगवून घेतली होती. मताचा अधिकार नसलेल्या असेलिना आणि तिच्या खाणावळीतल्या बायकांची नावे निवडणुकीच्या प्रचारलेखांत उमेदवारांचे पाठीराखे म्हणून दिसतात.

उत्तर इंग्लंडमधील विंदोलांदा छावणीत सापडलेली, इ.स. १०० च्या सुमाराची लाकडाची पातळ पट्टी या अभ्यासाचे मोलाचे धन आहे. एका लष्करी अधिकाऱ्याची पत्नी क्लॉडिया सेव्हेरा आपली मैत्रीण सुल्पिकिया लेपिदिना हिला ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाला बोलावते. मजकूर लेखनिकाने लिहिला आहे. शेवटच्या ओळी वेगळ्या, अडखळत्या अक्षरात आहेत. त्यात तिने मैत्रिणीला बहीण म्हटले आहे, ‘माझा जीव’ म्हटले आहे. स्त्रीच्या हातच्या, आपल्याला माहीत असलेल्या सर्वांत जुन्या लॅटिन लेखनांपैकी हे एक आहे.

इजिप्तच्या कोरड्या हवेत टिकलेल्या पपायरसांवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदांवर, दर चौदा वर्षांच्या जनगणनेच्या नोंदी, विवाहकरार आणि बायकांची पत्रे मिळतात. हाडांचा आणि डीएनएचा पुरावा अलीकडचा. पाँपेईत सोन्याचे कडे घातलेली, मांडीवर मूल असलेली व्यक्ती आई मानली गेली होती. २०२४ मध्ये ती व्यक्ती पुरुष असून त्या मुलाशी तिचे रक्ताचे नाते नसल्याचे दिसले. कडे आणि मूल एवढ्यावरून आई ठरवण्याची सवय दोन सहस्रके जुनी नव्हती. ती उत्खनन करणाऱ्यांची होती.

स्वतंत्र विषय म्हणून हा अभ्यास स्त्रीवादी चळवळीच्या काळात उभा राहिला. इतिहासकार सारा पॉमरॉय यांचा प्राचीन काळातील स्त्रियांवरचा १९७५ चा ग्रंथ हा त्यातला महत्त्वाचा टप्पा.

महाराष्ट्राशी या विषयाचा धागा व्यापाराचा आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेर इथून भडोचला जाणाऱ्या मालात मलमलीचा उल्लेख येतो. धाकट्या प्लिनीचा मामा थोरला प्लिनी भारत, चीन आणि अरबस्तानकडे दरवर्षी जाणाऱ्या दहा कोटी सेस्तेर्तियस नाण्यांचा हिशेब मांडतो आणि चैनीबरोबर बायकांनाही दोष देतो. विकत घेणारे पुरुषही होते, हे त्या वाक्यात येत नाही. १९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी फार जवळचे साम्य असणारी मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात मिळाली आहे.