वॅट खोक्यावर, धोका जोडावर

ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे त्याचे व्यवहार पडताळून मोबदल्यात नाणी मिळवण्याचा धंदा, १५ सप्टेंबर २०२२ रोजी एका दिवसात आटोपला. इथेरियमने व्यवहार पडताळण्याची पद्धतच बदलली आणि कार्डांच्या आकडेमोडीची गरज उरली नाही. रिग, म्हणजे अनेक कार्डं जोडलेले संगणक, मात्र राहिल्या. कुणी त्यांवर दुसरी नाणी काढतं, कुणी थ्रीडी रेंडरिंग करतं, कुणी घरच्या घरी एआय मॉडेल चालवतं. काम कोणतंही असो, एका मदरबोर्डला सहा कार्डं जोडायची म्हटलं की त्यांना वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, कोणता घ्यायचा हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक जण खोक्यावरचा वॅटचा आकडा बघून तो सोडवतात. मला विचाराल तर या प्रश्नातला तो सगळ्यात सोपा भाग आहे.

तो आधी उरकू. त्या काळात खूप खपलेलं आरएक्स ५८० कार्ड घ्या. कंपनीच्या हिशोबाने ते १८५ वॅट खातं. इथेरियमच्या मायनिंगमध्ये खरा ताण मेमरीवर पडायचा, त्यामुळे चिपचं व्होल्टेज उतरवून लोक ते सव्वाशे वॅटच्या आसपास आणत. सहा कार्डांचे ७५०, बाकी सगळ्याचे मिळून १००, म्हणजे ८५० वॅट. गेमिंगचा भार शंकरपटासारखा असतो, थोडा वेळ जीव तोडून पळायचं आणि मग दम खायचा. मायनिंग म्हणजे नांगरट, रात्रंदिवस एकाच चालीने. म्हणून एसएमपीएसच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांहून जास्त कायमचा भार टाकू नये असा संकेत आहे, आणि त्याप्रमाणे साधारण १,०६० वॅट लागतात. पण मध्यरात्री ड्रायव्हर कोसळला, यंत्र आपोआप पुन्हा सुरू झालं आणि उतरवलेलं व्होल्टेज लागूच झालं नाही, तर कार्डं मूळ १८५ वर जातात आणि बेरीज १,२१० होते. हजार वॅटचा एसएमपीएस घेणाऱ्याने हा आकडा एकदा तरी मांडून बघावा.

आता अवघड भाग. एसएमपीएस भिंतीतली २३० व्होल्टची एसी वीज घेतो, तिची ४०० व्होल्टच्या आतबाहेरची डीसी करतो, सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडतो आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्टवर उतरवतो. व्होल्टेज उतरलं की तेवढ्याच वॅटसाठी करंट वाढतो. भिंतीच्या प्लगमधून चार-साडेचार अँपिअर जात असतील, तर १२ व्होल्टच्या बाजूला सत्तरच्या घरात जातात. तारेत आणि पिनेत होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते: करंट दुप्पट, उष्णता चौपट. म्हणूनच रिगमध्ये प्लास्टिक वितळतं ते बहुतेकदा कुठल्या तरी फुटकळ जोडावर.

त्यातही बदनाम जोड म्हणजे साटा, एरवी हार्ड डिस्कला वीज देणारा चपटा प्लग. रिगमधली कार्डं मदरबोर्डवर थेट बसत नाहीत, वायरीने त्याला जोडलेल्या छोट्या पट्टीवर, म्हणजे रायझरवर बसतात, आणि रायझरला वेगळी वीज द्यावी लागते. कार्ड ज्या खाचेत बसतं त्या स्लॉटमधून त्याने ७५ वॅटपर्यंत घ्यावेत असं मानक आहे, त्यातले ६६ वॅट १२ व्होल्टवर. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. सगळ्या मिळून ५४ वॅट. तरीही स्वस्त रायझरसोबत साटाची जोडवायर सर्रास मिळायची. गंमत अशी की इथे मोठ्या कार्डापेक्षा लहान कार्ड जास्त घातक ठरतं. जीटीएक्स १०५० टीआयच्या अनेक कार्डांना स्वतःचा वेगळा प्लगच नाही, ती सगळी वीज स्लॉटमधून, म्हणजे रायझरमधून ओढतात. रायझरला एसएमपीएसची मूळ सहा पिनांची वायर द्यावी, आणि एकाच वायरवर तीन-तीन रायझर ओवू नयेत.

ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम हे एसएमपीएसवरचे शिक्के कार्यक्षमतेचे असतात. ८५० वॅट देताना ८५ टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून १,००० वॅट घेतो, ९३ टक्क्यांचा ९१४. फरक ८६ वॅटचा, म्हणजे दिवसाला दोन युनिट आणि वर्षाला साडेसातशे. युनिटमागे दहा रुपये धरले तरी महागड्या एसएमपीएसची जादा किंमत लवकर वसूल होते. त्यात १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि वीजबिलाची वजावट त्यातून मिळत नाही. एवढं मात्र ध्यानात ठेवा की हे शिक्के सुमारे २३ अंश तापमानाच्या चाचणीवर मिळतात. मे महिन्यातल्या अकोल्यात तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या कपॅसिटरचं आयुष्य अंदाजे निम्म्यावर येतं.

मोठा एक एसएमपीएस परवडत नाही म्हणून दोन लहान जोडणारेही बरेच. चालतं, पण कार्ड आणि त्याचा रायझर दोघांनाही वीज एकाच एसएमपीएसमधून द्यायची. यापेक्षा दुर्लक्षित गोष्ट अर्थिंगची. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर अर्थशी जोडलेले असतात. भिंतीतली अर्थिंग नावापुरती असेल तर रिगच्या लोखंडी सांगाड्यावर ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो आणि हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएस दोन असले की गळणारा करंटही वाढतो. सांगाड्याखाली रबर ठेवून हे मिटत नाही, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावी लागते. आणि हजार वॅटचं यंत्र चोवीस तास एक्स्टेंशन बोर्डवर नको, त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट द्यावा.

जुनी रिग एआयकडे वळवणाऱ्यांना वेगळाच अनुभव येतो. मायनिंगमध्ये महिनोन्महिने चाललेला एसएमपीएस इथे अचानक बंद पडतो, तोही सरासरी भार कमी असताना. मॉडेलला प्रशिक्षण देताना सगळी कार्डं एकदम कामाला लागतात आणि एकमेकांसाठी एकदमच थांबतात. त्यामुळे सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरती वीजमागणी उसळते आणि जुन्या एसएमपीएसचं संरक्षण तिला बिघाड समजतं. संगणकाच्या एसएमपीएससाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात मोठ्या एसएमपीएसनी क्षमतेच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंद झेलावी अशी अट आली ती याचसाठी. नवा घ्यायचा नसेल तर कार्डाच्या क्लॉकला, म्हणजे चिपच्या वेगाला, वरची मर्यादा बांधून बघा. नुसतं पॉवर लिमिट कमी केल्याने सरासरी उतरते, उसळ्या उरतातच.