किशोरवयीन कण्याच्या वक्रतेची जनुकीय कारणे

वयाच्या दहाव्या वर्षापासून वाढ थांबेपर्यंतच्या काळात पाठीचा कणा एका बाजूला वाकणे आणि त्याबरोबर मणके स्वतःभोवती पिळले जाणे, या विकाराला किशोरवयीन स्कोलिओसिस म्हणतात. उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये वक्रतेचा कोन १० अंश किंवा त्याहून जास्त भरला, तरच हे निदान होते. कोन मोजण्याची आजची रीत अमेरिकन अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली. शंभरांत साधारण दोन ते तीन मुलांमध्ये अशी वक्रता आढळते. सौम्य वक्रता मुलगे आणि मुली यांच्यात जवळपास सारखीच दिसते. ३० अंशांपुढची वक्रता मात्र मुलींमध्ये कितीतरी पट जास्त असते. पोक काढून बसण्याची सवय हा वेगळा प्रकार आहे, तिथे कणा बाजूला वाकत नाही आणि पिळलाही जात नाही.

स्कोलिओसिसच्या सुमारे ८० टक्के रुग्णांमध्ये तपासणीत कोणतेही ठळक कारण सापडत नाही. अशा वेळी घरात दोष शोधणे सुरू होते: जड दप्तर, एका अंगावर झोपणे, पलंगावर वाकून अभ्यास करणे. दप्तराच्या ओझ्याने पाठ दुखते, ते कमी व्हायलाच हवे, पण त्याने किंवा बसण्याच्या सवयीने स्कोलिओसिस होतो असे सिद्ध झालेले नाही. आईवडिलांनी किंवा मुलीने त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नये.

आनुवंशिकतेचा पुरावा आधी कुटुंबांच्या पाहणीतून आला. रिझबरो आणि रूथ विन-डेव्हिस या संशोधकांनी १९७३ मध्ये बॉस्टन परिसरातील रुग्णांच्या नातेवाइकांची पाहणी प्रसिद्ध केली. आईवडील, भावंडे आणि मुले यांच्यात हा विकार सुमारे ११ टक्के जणांना होता; आजी-आजोबा, काका, मावशी अशा दुसऱ्या फळीत २.४ टक्के, आणि त्यापलीकडे १.४ टक्के. नाते लांबले की प्रमाण इतके झपाट्याने घसरते, याचा अर्थ एकच जनुक पिढ्यान्‌पिढ्या विकार पोहोचवत नसून अनेक जनुकांचा छोटा छोटा वाटा एकत्र येतो. जुळ्यांवरूनही तेच दिसते. १९९७ मध्ये आधीच्या अहवालांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा समरूप, म्हणजे जनुके सारखीच असलेल्या जुळ्यांपैकी ७३ टक्के जोड्यांत दोघांनाही वक्रता होती, साध्या भावंडांइतकीच जनुके जुळणाऱ्या भिन्नरूप जुळ्यांत ३६ टक्के. पुढे डेन्मार्क आणि स्वीडनच्या जुळ्यांच्या नोंदवह्यांतून निघालेले आकडे बरेच कमी होते, कारण तिथे निवडक रुग्णांऐवजी सर्वसाधारण लोकसंख्या होती. मात्र समरूप जुळ्यांचेही शंभर टक्के जुळत नाही, हे दोन्हीकडे सारखे राहिले. तेव्हा जनुकांपलीकडेही काही घडत असलेच पाहिजे.

मुलींमध्ये गंभीर वक्रता जास्त का, याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण उंबरठ्याच्या कल्पनेतून मिळते. विकार प्रकट होण्यासाठी मुलग्यांना जनुकीय भार जास्त लागतो, असे मानले तर ज्या पुरुषाला स्कोलिओसिस झाला त्याच्याकडे तो भार मोठा असणार, आणि त्याच्या मुलांना धोकाही अधिक. अमेरिकेतील कुटुंबांच्या अभ्यासात २०१२ मध्ये हाच कल दिसला.

प्रत्यक्ष जनुके सापडू लागली ती संपूर्ण जनुकसंच चाळण्याचे तंत्र आल्यावर. शिरो इकेगावा यांच्या जपानमधील गटाने २०११ मध्ये हजाराहून अधिक रुग्ण मुलींचे डीएनए तपासले आणि दहाव्या गुणसूत्रावर एलबीएक्स१ या जनुकाजवळचा एक बदल पुढे आला. पुढे चिनी आणि युरोपीय वंशाच्या रुग्णांतही तो खरा ठरला. हा जनुक गर्भात मज्जारज्जूतील काही चेतापेशी आणि स्नायूंच्या आद्यपेशी घडवण्यात भाग घेतो. पण हा बदल निरोगी लोकांतही सर्रास आढळतो. तो असल्याने धोका साधारण दीडपट होतो, इतकेच. २०१३ मध्ये सहाव्या गुणसूत्रावरचा जीपीआर१२६ जनुक जोडला गेला. उंदरांच्या कूर्चापेशींतून तो काढून टाकल्यावर त्यांचा कणा वाकला, म्हणून त्याच्याबद्दलचा पुरावा अधिक भक्कम आहे. २०१५ मध्ये पॅक्स१ जनुकाजवळ सापडलेला बदल केवळ मुलींमध्ये परिणामकारक दिसला.

झेब्राफिश या छोट्या माशाने वेगळीच वाट दाखवली. मेंदू आणि मज्जारज्जूच्या पोकळीतला द्रव रोमकांच्या, म्हणजे पेशींवरच्या केसांसारख्या सूक्ष्म तंतूंच्या हालचालीने वाहता राहतो. हे रोमक बिघडले की वाढत्या वयातल्या माशाचा कणा वाकतो, असे २०१६ मध्ये दाखवले गेले. माणसातही हेच घडते असे म्हणायला पुरावा अपुरा आहे.

एका जनुकाच्या बिघाडाने कणा वाकतो अशी उदाहरणे दुर्मीळ, पण फार बोलकी आहेत. रोबो३ जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या तर मेंदूतील काही चेतातंतू मध्यरेषा ओलांडत नाहीत. त्या मुलाला डोळे डावी-उजवीकडे फिरवता येत नाहीत आणि कणा लहानपणापासून वाकत जातो. पिएझो२ हा जनुक निकामी असलेल्यांना डोळे मिटल्यावर आपले हातपाय कुठे आहेत हे कळत नाही, आणि त्यांच्यातही स्कोलिओसिस आढळतो. हाडे धड असूनही कणा वाकतो, म्हणजे तो सरळ ठेवण्याचे काम मज्जासंस्थाही सतत करत असते. हे दोन्ही विकार अप्रभावी आहेत, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच होतात, त्यामुळे नात्यातल्या लग्नांत त्यांची शक्यता वाढते. मामेबहीण-आतेभाऊ लग्ने महाराष्ट्रातल्या अनेक घरांत झालेली असतात. तपासणीच्या वेळी ती माहिती डॉक्टरांना सांगावी.

मार्फान या शरीराला आधार देणाऱ्या ऊतींच्या विकारात पंधराव्या गुणसूत्रावरील एफबीएन१ जनुक बिघडतो, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांना वक्रता येते. न्यूरोफायब्रोमॅटोसिस, म्हणजे चेतांवर गाठी येण्याच्या विकारातही कणा वाकू शकतो; त्याचा एनएफ१ जनुक सतराव्या गुणसूत्रावर असतो. मणक्यांची घडणच जन्मतः सदोष असलेली वक्रता निराळी. तिच्या काही रुग्णांत टीबीएक्स६ हा जनुक कारणीभूत असल्याचे चिनी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले. अशी वक्रता कधीकधी किशोरवयातील वाढीतच लक्षात येते.

कोणाची वक्रता वाढेल हे आधीच सांगणारी चाचणी अमेरिकेत विकायलाही आली होती. ५३ जनुकीय खुणांवर आधारलेली ती चाचणी जपानी आणि फ्रेंच-कॅनेडियन रुग्णांमध्ये पडताळली असता टिकली नाही. आजवरचे मोठे अभ्यास जपान, चीन आणि युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले आहेत. त्यांचे निष्कर्ष भारतीय घरांना जसेच्या तसे लावणे योग्य नाही. कारण न सापडलेल्या साध्या स्कोलिओसिससाठी जनुकीय चाचणीवर पैसे खर्चण्यात आज तरी अर्थ नाही. फार लांब हातपाय व बोटे, अंगावर कॉफीच्या रंगाचे अनेक डाग, हृदयाचा किंवा डोळ्यांचा दोष, स्नायूंची कमजोरी, किंवा दहाव्या वर्षाआधीच सुरू झालेली वक्रता असेल, तर मात्र जनुकीय सल्ला घ्यावाच.

घरात एकाला स्कोलिओसिस असेल तर धाकट्या भावंडांना गुडघे सरळ ठेवून पुढे वाकायला लावावे आणि पाठीची एक बाजू उंच दिसते का, हे मागून पाहावे. १८६५ पासून वापरात असलेली ही अ‍ॅडम्स चाचणी मिनिटभराची आहे. शंका आली तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे, कारण वाढ चालू असतानाच पाठीला आधार देणाऱ्या पट्ट्याचा (ब्रेसचा) उपयोग होतो: २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील चाचणीत पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांची वक्रता शस्त्रक्रियेच्या पातळीपर्यंत गेली नाही, न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते.