फ्रीडम साँग

फ्रीडम साँग : (मुक्तिगीत). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीत (सु. १९५५–६८) सभा, मोर्चे, चर्च व तुरुंगांत समूहाने गाइलेला गीतप्रकार. बहुतेक गीते जुन्या स्पिरिच्युअल (गुलामगिरीच्या काळातील कृष्णवर्णीयांची धार्मिक लोकगीते) आणि गॉस्पेल (चर्चमधील भक्तिगीते) गीतांवरून बेतलेली आहेत. मूळ चाल तशीच ठेवून एखादाच शब्द पालटायचा, ही त्यांची रीत. ‘येशू’च्या जागी ‘स्वातंत्र्य’ घातले की प्रार्थनागीताचे मोर्चागीत होई. म्होरक्याने ओळ टाकायची आणि इतरांनी ती उचलायची, ही पद्धत आपल्याकडील शाहीर व झीलकरी यांच्या गायनाशी मिळतीजुळती आहे. मात्र येथे सारा जमावच झीलकरी असतो. वाद्यांची गरज नसे. टाळ्या व पायांचा ठेका पुरे.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध गीत ‘वुई शॅल ओव्हरकम’ (आम्ही मात करू). त्याचा कर्ता कोण, याविषयी मतभेद आहेत. फिलाडेल्फियाचे मेथडिस्ट धर्मोपदेशक चार्ल्स अ‍ॅल्बर्ट टिंडली (१८५१–१९३३) यांनी १९०१ च्या सुमारास प्रसिद्ध केलेले एक भजन हे त्याचे मूळ, असे जुने संदर्भग्रंथ सांगतात. परंतु साम्य आहे ते मुख्यतः पालुपदाच्या शब्दांत. टिंडलींची चाल वेगळी आहे. चालीचा पूर्वार्ध गुलामांच्या लिलावाविरुद्धच्या एका स्पिरिच्युअलशी जुळतो, याकडे काही अभ्यासक लक्ष वेधतात. सिनसिनाटीच्या गॉस्पेल रचनाकार लुईझ श्रॉपशर यांच्या एका भजनाशी असलेले साम्य अलीकडे पुढे आणले गेले आहे. त्या भजनाची नोंदणी १९५४ ची असल्यामुळे, त्यापूर्वीच संपात गाइल्या जाणाऱ्या या गीताचे ते मूळ ठरवणे अवघड जाते. रचना नोंदणीच्या बऱ्याच आधीची आहे, असे त्या मताच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे. उलट, खाणकामगार संघटनेच्या मुखपत्रातील १९०९ च्या एका पत्रात संपाच्या सभांत जवळजवळ याच नावाचे ‘जुने चांगले गीत’ म्हटले जात असल्याचा उल्लेख येतो. पण त्यात ना शब्द दिले आहेत ना चाल. एकंदरीत पाहता, चर्चमध्ये तोंडी चालत आलेल्या ‘आय विल बी ऑल राइट’ या गीताचे हे कामगारी रूप असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कामगारी रूपाचा माग मात्र बऱ्यापैकी लागतो. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगार कारखान्यात ऑक्टोबर १९४५ ते एप्रिल १९४६ असा संप झाला. संपकऱ्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. दिवसाचे धरणे आटोपताना ल्यूसिल सिमन्स ही कामगार स्त्री हे गीत अतिशय विलंबित लयीत म्हणे आणि ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ घाली. टेनेसीतील माँटीगल येथील हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्ता-प्रशिक्षण केंद्राच्या संगीतप्रमुख झिल्फिया हॉर्टन (१९१०–५६) यांनी ते संपकऱ्यांकडून उचलले व १९४७ मध्ये लोकगायक पीट सीगर (१९१९–२०१४) यांना शिकवले. ‘विल’चे ‘शॅल’ आपण केले असावे, असे सीगर सांगत. पण हा बदल हायलँडरमधील शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांचाही असू शकेल, हेही तेच सांगत. ‘आम्ही भीत नाही’ हे कडवे १९५९ मध्ये हायलँडरवर पोलिसांचा छापा पडला त्या रात्री, दिवे मालवलेल्या खोलीत विद्यार्थ्यांनी जोडले. एप्रिल १९६० मध्ये उत्तर कॅरोलायनातील रॅली या शहरी झालेल्या विद्यार्थी संमेलनात लोकगायक गाय कॅरवन यांनी ते गाइले आणि ते चळवळीचे झाले.

१९६१–६२ मध्ये जॉर्जियातील ऑल्बनी येथील आंदोलनात हा गीतप्रकार पूर्ण बहरला. तेथील सभांत प्रचलित कडव्यात पोलीसप्रमुखाचे नाव गुंफून, तो आमची वाट अडवू शकणार नाही, असे गात. त्यातूनच १९६२ मध्ये कॉर्डेल रेगन, बर्नीस जॉन्सन, रूथा मे हॅरिस आणि चार्ल्स नेब्लेट यांचे ‘फ्रीडम सिंगर्स’ हे पथक उभे राहिले. गावोगाव गाऊन निधी जमवणे हे त्याचे काम. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात सुमारे अडीच लाख लोकांसमोर ‘वुई शॅल ओव्हरकम’ गाण्याचा मान २२ वर्षांच्या जोन बाएझ या लोकगायिकेकडे गेला. गॉस्पेल गायिका महेलिया जॅक्सन यांचे गायनही त्याच दिवशी झाले.

व्यावसायिक कलावंतांचे योगदान वेगळ्या प्रकारचे आहे. झुंडबळीवरील ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे जॅझ गायिका बिली हॉलिडे यांनी १९३९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले गीत या परंपरेच्या अगोदरचे, आणि समूहाने गाण्यासारखे नव्हेच. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅममधील चर्चच्या बाँबस्फोटात १५ सप्टेंबर १९६३ रोजी चार मुली मारल्या गेल्यानंतर गायिका नीना सिमोन यांनी रचलेल्या संतप्त गीताच्या तबकड्या दक्षिणेतील काही विक्रेत्यांनी फोडून परत पाठवल्याचे सांगितले जाते. सगळेच कलावंत आघाडीवर होते असे नाही. कृष्णवर्णीय गायक नॅट किंग कोल १९५६ मध्ये बर्मिंगहॅम येथे केवळ गौरवर्णीय श्रोत्यांपुढे गात असताना त्यांच्यावर रंगमंचावरच हल्ला झाला. शिवाय असा कार्यक्रम स्वीकारल्याबद्दल कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांचा रोषही त्यांच्या वाट्याला आला. गायक व अभिनेते हॅरी बेलाफाँटे (१९२७–२०२३) यांची चळवळीला मदत गाण्यापेक्षा पैशाची अधिक. ऑगस्ट १९६४ मध्ये ते अभिनेते सिडनी प्वाटिए यांच्यासह साठ-सत्तर हजार डॉलरची रोकड डॉक्टरी बॅगेत घालून मिसिसिपीतील ग्रीनवुडला गेले. वाटेत त्यांच्या मोटारीचा पाठलाग झाला.

१९६० व १९६३ मध्ये ‘वुई शॅल ओव्हरकम’च्या स्वामित्वहक्काची नोंद हॉर्टन, लोकगायक फ्रँक हॅमिल्टन, कॅरवन व सीगर यांच्या नावे झाली. चौघेही गौरवर्णीय. उत्पन्न दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या कार्यासाठी राखून ठेवले होते, तरी कृष्णवर्णीयांच्या गीताची मालकी गौरवर्णीयांकडे का, हा आक्षेप टिकून राहिला. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयाने पहिल्या कडव्यातील ‘शॅल’सारखे किरकोळ शब्दबदल नवनिर्मिती ठरत नाहीत, असा निर्णय दिला. जानेवारी २०१८ मध्ये तडजोड होऊन गीत सार्वजनिक मालकीचे झाले. ल्यूसिल सिमन्स यांचे नाव नोंदणीत कधीच नव्हते.

भारतात या गीताचे हेमांग बिस्वास यांचे बंगाली व गिरिजाकुमार माथुर यांचे हिंदी रूपांतर प्रचलित आहे. हे हिंदी रूप ‘हम होंगे कामयाब’ महाराष्ट्रातील शाळांतही गाइले जाते. त्यात ‘मात करणे’ या क्रियेची जागा ‘कामयाब होणे’ने घेतली आहे.