थाइम

थाइम म्हणजे तुळस, पुदिना, ओरेगॅनो यांच्याच कुळातलं बुटकं, बारमाही झुडूप. स्वयंपाकात चालतं ते मुख्यतः थायमस व्हल्गॅरिस, हे शास्त्रीय नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचं, १७५३ सालचं. मूळ प्रदेश पश्चिम भूमध्य, म्हणजे साधारण स्पेन, दक्षिण फ्रान्स, इटलीचा काही भाग. पानं सेंटिमीटरभरही नसतात, कडा खाली मुडपलेल्या आणि खालची बाजू लवदार.

घोळ सुरू होतो इतिहासात. प्राचीन ग्रीक थाइम वापरायचे हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण व्हल्गॅरिस ग्रीसमधलं रानटी झाड नाहीच, त्यामुळे थिओफ्रास्टस आणि डायोस्कोरिडीस हे प्राचीन ग्रीक वनस्पतिलेखक ज्याबद्दल लिहितात ते बहुधा थिंब्रा कॅपिटाटा हे थाइमच्याच कुळातलं दुसरं झुडूप असावं असं बरेच अभ्यासक मानतात, आणि अथेन्सजवळच्या हिमेटस डोंगराचा मध बघता (तो मुख्यतः त्याच झुडपाच्या फुलांवरचा) हेच जास्त पटतं. इजिप्तमधे ममीसाठी थाइम वापरायचे हे वाक्यही जपूनच घ्यावं. लिंबाच्या वासाच्या लेमन थाइमचंही तसंच, आधी त्याला सरळ दोन जातींचा संकर म्हणायचे, नंतरच्या डीएनए तपासण्यांवरून ती स्वतंत्र जात वाटते.

वास मुख्यतः थायमॉलचा. ओव्यातही हेच द्रव्य असतं, म्हणून वास ओळखीचा वाटतो, पण ओव्याचं कुळ वेगळं. बरं, प्रत्येक झाडात थायमॉलच असेल असंही नाही. दक्षिण फ्रान्सच्या रानटी थाइममधे सहा रासायनिक प्रकार सापडलेत, वासाच्या मुख्य द्रव्यावरून ओळखले जाणारे: थायमॉल, कार्व्हॅक्रॉल, लिनालूल, जिरॅनिऑल, आल्फा-टर्पिनिऑल आणि थुजॅनॉल. दिसायला सगळी सारखीच, वास घेतला की फरक कळतो, जिरॅनिऑलवालं चक्क लिंबू-गुलाबाच्या वासाचं. पहिल्या दोन प्रकारांना हिवाळ्याच्या सुरुवातीची कडक थंडी सोसत नाही, म्हणून दक्षिण फ्रान्समधल्या माँपेल्ये शहराच्या उत्तरेला सँ-मार्तँ-द-लाँद्रच्या खोलगट भागात, जिथे थंड हवा साचून राहते, तिथे बाकीचे प्रकार जास्त, आणि भोवतालच्या उबदार उतारांवर हे दोन.

वापर माहितीचाच आहे, फ्रेंच बुके गार्नीत (रश्शात सोडायची पाल्याची जुडी) तमालपत्र आणि पार्सलीबरोबर, मंद आचेवरच्या मांसात, बीन्समधे. काडी शेंड्याला धरून बोटं खाली ओढली की पानं सुटतात. वाळवल्यावर बेसिलसारखा वास उडून जात नाही, त्यामुळे सुकं घेतलं तर ताज्याच्या साधारण एक तृतीयांश पुरतं आणि ते शिजवताना सुरुवातीलाच घालावं. झातार या अरबी मसाल्यामधे थाइम असतंच असं मात्र धरून चालू नये, लेव्हंटमधे (सीरिया, लेबनॉनच्या भागात) त्यात बहुतेक वेळा ओरिगॅनम सिरियाकम ही ओरेगॅनोची जात असते.