फितीआधी यंत्र जातं

विदर्भातल्या खेड्यांत जुन्या घरी लोखंडी पेटीत, नाहीतर टिनाखालच्या माळ्यावर कॅसेटींची एखादी पिशवी बहुधा निघतेच. त्यात भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या आजीचा आवाज असतो, गावच्या दंडारीची एखादी रात्र असते, काकांच्या लग्नाच्या शूटिंगची जाड काळी व्हीएचएस असते. त्यांच्यासोबत बाजारातून आणलेली सिनेगाणी, भजनं, भीमगीतंही असतात. दिवाळीच्या सफाईत दरवर्षी हे ठेवायचं, नव्यात करून घ्यायचं की भंगारवाल्याला द्यायचं, हा विषय निघतो आणि पुढच्या दिवाळीवर ढकलला जातो. माझं म्हणणं असं आहे की यातल्या काही वस्तूंना आणखी थांबणं परवडणारं नाही आणि काहींवर एक रुपयाही घालवायची गरज नाही. कोणती वस्तू कुठल्या गटात मोडते हे कळायला फितीत आणि तबकडीत आत काय घडतं ते बघावं लागेल.

ऑडिओ कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणली. तिची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते. पॉलिस्टरच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण एका चिकट रसायनात मिसळून लेपलेले असतात. रेकॉर्डिंग चालू असताना हेडमधलं (फितीला टेकून तिच्यावर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागातलं) चुंबकीय क्षेत्र आवाजाबरोबर कमीजास्त होतं, आणि समोरून सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकणाऱ्या कणांवर त्याचा नमुना उमटतो. हा चुंबकीय नमुना चिवट असतो. जोरदार चुंबकाजवळ फीत नेली नाही तर तो दशकानुदशकं राहतो. आधी बिघडतं ते कणांना धरून ठेवणारं रसायन. मातीच्या भिंतीत कुटार जे काम करतं, तेच फितीवर हे रसायन करतं. ते बहुधा पॉलियुरेथेनच्या जातीचं असतं. हवेतली वाफ त्यात शिरली की त्याच्या लांब साखळ्या तुटू लागतात, फीत चिकट होते आणि हेडवर तपकिरी भुकटी सोडते. ती भुकटी म्हणजे त्यावरचा आवाजच असतो. एकदा सुटला की तो परत फितीवर बसवता येत नाही.

तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांवर जातो आणि टिनाखाली त्याहून बराच वर. त्यानंतर मृगापासून पोळ्यापर्यंत हवा दमट. म्हणजे आधी भाजणं आणि मग ओल, हे दोन्ही त्या पिशवीने दरवर्षी सोसलेलं असतं. दमट दिवसांत बुरशीही धरते. व्हीएचएसच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट चालवून बघायचा मोह आवरा. बुरशी हेडवर बसेल, तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटीवर जाईल, आणि फीत फाटण्याचीही भीती आहे. अशी कॅसेट वेगळी काढून जाणकाराकडेच द्यावी.

फितीहून मोठी अडचण यंत्राची आहे, आणि घरोघरी नेमकी तीच लक्षात घेतली जात नाही. चित्राला आवाजाच्या कितीतरी पट माहिती लागते. साधी फीत सरळ ओढून ती साठवायची तर सेकंदाला कित्येक मीटर फीत खर्ची पडेल. म्हणून व्हीएचएसमध्ये हेडच फिरते ठेवले. ६२ मिलिमीटर व्यासाच्या एका ढोलावर ते बसवलेले असतात आणि आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत तो ढोल मिनिटाला १५०० फेरे घेतो. १२.७ मिलिमीटर रुंदीची फीत त्याच्याभोवती तिरपी गुंडाळली जाऊन सेकंदाला फक्त २.३४ सेंटिमीटर पुढे सरकते, पण हेड आणि फीत यांच्यातला परस्पर वेग सेकंदाला जवळपास पाच मीटर पडतो. एकेका तिरप्या रेघेत पडद्यावरचं अर्धं चित्र मावतं. इतकं अचूक यंत्र सुट्या भागांवाचून दुरुस्त होत नाही. त्याचे रबरी पट्टे आणि दाबरोलर आपल्या उन्हाळ्यात वाळून कडक होतात, हेड झिजतात. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर, म्हणजे व्हीएचएस चालवणारं यंत्र, बनवणं थांबवलं, आणि व्हीसीआर बनवणारी जगातली तीच शेवटची कंपनी होती. आज जे व्हीसीआर चालू आहेत तेवढेच आहेत, आणि त्यांची संख्या कमीच होणार. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की २०२५ पर्यंत ज्या चुंबकीय फिती नव्या रूपात आणल्या जाणार नाहीत, त्यांतल्या बहुतेक कायमच्या हातच्या जातील. ते वर्षही येऊन गेलं. माझ्या मते लग्नाची व्हीएचएस आणि कॅमकॉर्डरच्या छोट्या फिती यांचा नंबर सगळ्यात आधी लागतो. ऑडिओ कॅसेटला थोडी सवड आहे, कारण तिचे साधे प्लेअर अजून नवे बनतात.

तरीही घरातला जुना टेपरेकॉर्डर भंगारात देऊ नका. घरी भरलेली कॅसेट दुसऱ्या यंत्रावर दबकी, कांबळ्याआडून आल्यासारखी ऐकू येते, याला कारण आहे. हेडची फट फितीच्या धावेला अगदी काटकोनात असावी लागते. तुमच्या यंत्रात ती किंचित कललेली असेल तर रेकॉर्डिंगही त्याच कलाने झालेलं असतं, आणि दुसऱ्या यंत्रावर तारस्वर नाहीसे होतात. ज्या यंत्रावर भरलं त्यावर वाजवलं तर ते परत मिळू शकतात. नाहीतर हेडशेजारचा बारीक स्क्रू ऐकत ऐकत फिरवून कल जुळवावा लागतो, हे दुकानदाराला माहीत असलं पाहिजे. आणखी एक काम आजच करण्यासारखं आहे. कॅसेटच्या पाठीवरचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाऊन आजीच्या गाण्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही.

आता तबकड्या. 'आम्ही तर कॅसेटची सीडी करून घेतली,' असं सांगणारी पुष्कळ घरं आहेत, आणि मला खरी काळजी त्यांचीच वाटते. बाजारातून घेतलेल्या सीडीत साच्याने दाबलेले खड्डे असतात. दुकानदाराने घरगुती लग्नाची भरून दिलेली सीडी वेगळी असते. तिच्यात सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लेसर तो जागोजागी भाजून खुणा करतो. ऊन, उष्णता आणि ओल या तिघांनी तो रंग उतरतो. माहितीचा थर सीडीत लेबलाच्या अगदी खाली असतो, वर नुसता लाखेचा पापुद्रा. त्यामुळे बॉलपेनने नाव लिहिल्यानेही इजा होते, खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा जास्त. व्हीसीडीची, म्हणजे व्हिडिओ भरलेल्या सीडीची, आणखी एक उणीव आहे. सीडीवरच्या एका खंडात २३५२ बाइट असतात. संगणकाची माहिती भरताना त्यातले २०४८ माहितीला देऊन उरलेल्यांत मुख्यतः चुका दुरुस्त करायची सोय ठेवतात. व्हीसीडीत चित्रासाठी २३२४ बाइट वापरून टाकले आहेत, त्यामुळे सावरायला जागा कमी राहते आणि तबकडी थोडी खराब झाली की चित्राचे चौकोन पडू लागतात.

शिवाय व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे पाल चित्राच्या ५७६ ओळींपैकी निम्म्याच. म्हणून सीडी असली तरी मूळ व्हीएचएस शोधा. तिची अवस्था बरी असेल तर आज तिच्यावरून घेतलेली प्रत त्या सीडीपेक्षा चांगली निघेल. मूळ कॅसेट उरली नसेल तर सीडीवरची फाइल जशीच्या तशी हार्ड डिस्कवर उतरवा. 'नव्या फॉरमॅटमध्ये' बदलून घेऊ नका, दर बदलात थोडं तपशील गळतं. जुन्या फाइली आजही व्हीएलसीसारख्या मोफत प्लेअरमध्ये चालतात.

मग कशावर खर्च करायचा? माझी कसोटी एकच आहे. ही गोष्ट जगात दुसरीकडे कुठे आहे का? मोठ्या कंपनीच्या सिनेगाण्यांसाठी कॅसेटचं रूपांतर करणं व्यर्थ आहे, ती गाणी मूळ टेपवरून कितीतरी चांगल्या रूपात उपलब्ध आहेत. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मात्र त्या एकाच फितीवर आहेत. या दोहोंच्या मध्ये एक गट आहे, तो सहज नजरेआड होतो. छोट्या स्थानिक कंपन्यांनी काढलेल्या कॅसेटी पाहा: खडी गंमत, दंडार, कीर्तनं, दीक्षाभूमीच्या परिसरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दुकानांवर विकली गेलेली भीमगीतं, झाडीपट्टीच्या नाटकांतली गाणी. वरून ती बाजारू वाटतात, पण कंपनी बंद पडली, मूळ टेप गेली, आणि इंटरनेटवर ती कोणी टाकलीच नाहीत, असं यांतल्या कितीतरींचं झालेलं असू शकतं. आधी नाव टाकून शोधा. सापडलं नाही तर ती कॅसेट घरच्या रेकॉर्डिंगइतकीच मोलाची समजा.

पैसे चुकीच्या जागी कसे जातात तेही सांगतो. 'जुनं लग्न फोर-के करून देतो' ही जाहिरात आता तालुक्याच्या गावीही दिसते. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने जेमतेम २४० रेघांइतकं तपशील असतं. त्यापलीकडचं चित्र सॉफ्टवेअर अंदाजाने रचतं. आजोबांच्या चेहऱ्यावर ते जे डोळे आणि सुरकुत्या घालेल त्या आजोबांच्या असतीलच असं नाही. हौस म्हणून करा, पण मूळ, न सुधारलेली प्रत आधी घ्या आणि जपा. तोच प्रकार मोठ्या टीव्हीचा. ४३ इंची पडद्यावर फुल एचडीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तीन मीटरवरून तो डोळ्याशी अर्ध्या कलेहून थोडा मोठा कोन करतो (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). आपला डोळा साधारण एक कलेपर्यंतचाच फरक ओळखतो. म्हणजे बैठकीत सतरंजीवर बसून बघणाऱ्याला फुल एचडीचेच ठिपके सुटे दिसत नाहीत, मग फोर-के काय दिसणार! जुन्या डीव्हीडींच्या जागी ब्लू-रे आणणंही मी कोणाला सुचवणार नाही.

दुकानात गेल्यावर आवाजासाठी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल मागा. साठ मिनिटांच्या कॅसेटला ती सुमारे १ जीबी होते, म्हणजे शंभर कॅसेटी १०० जीबीत बसतात आणि एका साध्या हार्ड डिस्कवर मावतात. एमपीथ्री वाटायला ठीक आहे, जपायला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली व्हिडिओची प्रत तर मूळ समजूच नका, तो पाठवताना दाबून लहान करतो. हातात नुसती डीव्हीडी देणाऱ्या दुकानात जाऊ नका आणि मूळ कॅसेट परत आणा.

प्रती तीन हव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक गावाबाहेर. नागपूर-पुण्याला नोकरीवर असलेल्या मुलाकडे एक हार्ड डिस्क दिली की ती अट पुरी होते. पेनड्राइव्हवर एकट्यावर विसंबू नये. त्यात माहिती म्हणजे बारीक कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार असतो, तो हळूहळू गळतो आणि उष्णतेत जास्त वेगाने गळतो. वर्षातून एकदा डिस्क लावून फाइली उघडून बघाव्यात, पाच-सात वर्षांनी नव्या डिस्कवर न्याव्यात. नक्कल करताना लॅपटॉप वापरा, त्याची बॅटरी चार्ज केलेली असू द्या. मध्येच लाइन गेली तर अर्धवट लिहिलेली फाइल चांगली दिसूनही खराब निघते.

फाइलच्या नावात गाव, साल, प्रसंग आणि गाणाऱ्याचं नाव घाला. मांडवात कोण कोणाशेजारी उभं आहे हे सांगणारी माणसं आज पंचाहत्तरीत आहेत, त्यांना शेजारी बसवून व्हिडिओ लावा आणि ती सांगतात ते मोबाइलवर टिपून घ्या. हे काम कोणत्याच दुकानात होत नाही.

कॅसेटी टिनाखालून काढून मधल्या खोलीत, शक्य असेल तर मातीच्या जाड भिंतीच्या घरात ठेवा. जाड भिंत दिवसाची उष्णता आत पोचायला वेळ लावते, त्यामुळे आतलं तापमान फारसं वरखाली होत नाही. कॅसेटी उभ्या ठेवा, फीत एका टोकाला पूर्ण गुंडाळून, स्पीकरपासून दूर. रूपांतराचं काम कोजागिरीनंतर काढा, तेव्हा हवा कोरडी होत जाते. आधी व्हीएचएस आणि कॅमकॉर्डरच्या फिती, मग घरी भरलेल्या सीडी, शेवटी ऑडिओ. फेब्रुवारीपर्यंत उरकलं नाही तर राहिलेल्या कॅसेटी उन्हाळ्यात बंद गाडीत टाकून शहरात नेऊ नका, पुढचा हिवाळा धरा.