दीर्घिकासमूहाचा वस्तुमान-नकाशा

दीर्घिकासमूह म्हणजे गॅलॅक्सी क्लस्टर, शेकडो ते हजारभर दीर्घिका एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणाने बांधल्या गेलेल्या असतात तो घोळका, आणि त्याचं एकूण वस्तुमान सूर्याच्या साधारण १०० ते १००० लाख कोटी पट भरतं. यातलं कुठे किती आहे हे दाखवणारा नकाशा म्हणजे वस्तुमान-नकाशा. अडचण अशी की यातला बहुतेक भाग डार्क मॅटर आहे, त्याचा उजेडही नाही आणि सावलीही पडत नाही. ताऱ्यांचा वाटा जेमतेम काही टक्के, दीर्घिकांच्या मधे पसरलेला कोट्यवधी अंश तापलेला वायू त्याच्या कितीतरी पट, तरी तोही सगळा मिळून १०-१५ टक्क्यांच्या आसपासच.

१९३३ साली खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकींनी कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग बघितले आणि त्यांच्या लक्षात आलं की एवढ्या वेगाने पळणाऱ्या दीर्घिका दिसणाऱ्या वस्तुमानाच्या ओढीने धरून ठेवणं शक्यच नाही. १९३७ मध्ये त्यांनीच सुचवलं की दीर्घिका भिंगासारखा प्रकाश वाकवतील आणि त्यावरून त्यांचं वस्तुमान काढता येईल. समूहांच्या बाबतीत ते प्रत्यक्ष दिसायला पन्नासेक वर्षं गेली. १९८० च्या दशकात एबेल ३७० या समूहात एक लांबलचक निळसर कमान सापडली, आणि १९८८ मध्ये वर्णपटावरून पक्कं झालं की ती समूहाच्या बरीच मागे असलेली एक दीर्घिका आहे, समोरच्या वस्तुमानाने ताणून वाकवलेली. वस्तुमानाने भिंगासारखा प्रकाश वाकवण्याला लेन्सिंग म्हणतात, आणि अशा ठळक कमानी दिसतात तेव्हा स्ट्राँग लेन्सिंग. कमान केंद्रापासून किती लांब आहे त्यावरून आतलं वस्तुमान निघतं, पण ते फक्त समूहाच्या गाभ्यापुरतंच.

बाहेरच्या भागासाठी वीक लेन्सिंग, म्हणजे मागच्या दीर्घिकांचे आकार अगदी किंचित ताणले जाणं, आणि मला तरी सगळ्यात सुंदर वाटते ती हीच पद्धत. ताटात तांदूळ पसरले तर दाणे कुठल्याही दिशेला तोंड करून पडतात, पण एखाद्या जागेभोवती बरेचसे दाणे गोल रिंगण धरल्यासारखे जरा जरा आडवे झालेले दिसले तर तिथे काहीतरी आहे हे कळतं, तसंच मागच्या हजारो दीर्घिकांचं. एकेकीचा आकार फक्त काही टक्केच बदललेला असतो आणि मुळात ती किती लांबट होती हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे एका दीर्घिकेवरून काहीच सांगता येत नाही, शेकडोंची सरासरी काढल्यावरच तो कल दिसतो. टोनी टायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं, तर त्या विस्कटलेल्या आकारांवरून थेट नकाशा काढायचं गणित निक कायझर आणि गॉर्डन स्क्वायर्स यांनी १९९३ मध्ये मांडलं.

काम किचकट आहे. वातावरण आणि दुर्बिणीच्या आरशांची रचना दोन्ही प्रतिमा पसरवतात, म्हणून त्याच फोटोतल्या ताऱ्यांवरून ती पसरण मोजून वजा करावी लागते. मग कुठली दीर्घिका खरंच मागे आहे आणि कुठली समूहातलीच, हे रंगांवरून ठरवायचं, कारण चुकून समूहातल्या जास्त धरल्या तर वस्तुमान कमी निघतं. शिवाय आकड्यात आपल्या नजरेच्या रेषेतलं सगळंच मोजलं जातं, समूहाच्या पुढचं-मागचं काही असेल तर तेही. म्हणून क्ष-किरणांतून वायूचं तापमान आणि त्यावरून वस्तुमान काढून त्याच्याशी ताडून बघतात, पण त्यात वायू शांत, समतोल असल्याचं गृहीत धरावं लागतं आणि धडकलेल्या समूहात तसं नसतं. लेन्सिंगला असलं काही गृहीत धरावंच लागत नाही, हा तिचा मोठा फायदा.

बुलेट क्लस्टरमध्ये हा फायदा कामी आला. सुमारे ३.७ अब्ज प्रकाशवर्षांवर दोन समूह एकमेकांतून आरपार गेलेत. वायू वायूवर आदळून मधेच रेंगाळला, तो अवकाशातल्या चंद्रा वेधशाळेच्या क्ष-किरण चित्रात दिसतो, दीर्घिका मात्र पुढे निघून गेल्या. साध्या पदार्थापैकी जास्त भाग वायूत आहे, म्हणजे फक्त तेवढंच असतं तर नकाशातली शिखरं वायूवर यायला हवी होती. २००६ मध्ये डग्लस क्लो आणि सहकाऱ्यांनी नकाशा काढला तेव्हा शिखरं वायूवर नाही, पुढे गेलेल्या दीर्घिकांजवळ निघाली, म्हणजे बहुतेक वस्तुमान दीर्घिकांसोबत आरपार गेलेल्या डार्क मॅटरचंच.