बाबांनो, कावळा पण लिहा

पक्षी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच कळकळीचं सांगणं असतं, यादीत कावळा पण लिहा. दुर्मिळ पक्षी दिसला की फोटो, मेसेज, सगळं होतं, पण कावळे किती होते, पारवे किती होते हे कोणी लिहीत नाही कारण ते काय रोजचेच. आणि हे रोजचेच कमी व्हायला लागले तर वीस-वीस वर्षं कोणाच्या लक्षात येत नाही, आधी किती होते तेच कुठे लिहिलेलं नसतं ना.

उत्तर अमेरिकेत ते लिहिलेलं होतं. तिथे 1966 पासून ब्रीडिंग बर्ड सर्व्हे, म्हणजे विणीच्या हंगामातली पक्षीमोजणी चालते. साधारण 39 किलोमीटरचा ठरलेला रस्ता, त्यावर 50 थांबे, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरुवात, प्रत्येक थांब्यावर बरोबर 3 मिनिटं उभं राहायचं आणि जे दिसेल, ऐकू येईल ते सगळं लिहायचं. वर्षातून एकदाच, पण दरवर्षी, तोच रस्ता आणि तेच थांबे. असे हजारो रस्ते आहेत. 2019 मध्ये शास्त्रज्ञांनी हा आणि बाकीच्या मोजण्यांचा डेटा एकत्र केला, हवामानाच्या रडारवर दिसणारे रात्रीच्या स्थलांतराचे थवेही तपासले, तेव्हा कळलं की 1970 पासून तिथले जवळपास 290 कोटी पक्षी कमी झालेत. 29 टक्के! आणि यातली 90 टक्क्यांहून जास्त घट फक्त 12 कुळांमधली, म्हणजे चिमण्यांसारखे छोटे, सगळीकडे दिसणारे, कोणी मुद्दाम बघत नाही असे पक्षी. गवताळ भागातले तर निम्म्याहून जास्त गेले. बदकं मात्र वाढली, कारण पाणथळ जागा राखायला अनेक वर्षं पैसा आणि मेहनत घातली गेली होती.

आता हे झालं अख्ख्या खंडाचं. पण ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याचा प्रश्न वेगळा असतो, माझ्या जंगलात मी झाडं विरळ केली, त्याचा पक्ष्यांवर काय परिणाम झाला? तो मोजतो, आकडा कमी येतो, आणि तो हातातलं काम थांबवतो. पण शेजारच्या शंभर जागांवरही तोच पक्षी तितकाच कमी झाला असेल तर? मग दोष त्याच्या कामाचा नसेल, कारण कुठेतरी लांब असेल, कदाचित पक्षी हिवाळ्यात जिथे जातात तिथे. हे कळायला शेजाऱ्यांनीही मोजलेलं हवं आणि त्याच पद्धतीने मोजलेलं हवं, एकाने 5 मिनिटं मोजलं, दुसऱ्याने 10, तिसरा फक्त तळ्याकाठी गेला, तर त्या आकड्यांची बेरीजही करता येत नाही.

म्हणून अमेरिकेच्या पश्चिम भागात 2008 पासून वन खातं, राज्यं आणि संस्था मिळून एकच मोजणी करतात. एक चौरस किलोमीटरचे चौकोन चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे, नाहीतर सगळे आपापल्या आवडत्या जागीच जाणार. एका चौकोनात 250 मीटर अंतरावर 16 पॉइंट, प्रत्येकी 6 मिनिटं. आणि इथली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पक्षी किती लांब आहे तेही लिहायचं. अंधुक उजेडात तुम्ही उभे आहात, डावीकडच्या झुडपात एक पक्षी गातोय, तो दिसत नाही पण झुडूप दिसतंय, रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, त्यावर धरला की कळतं 40 मीटर. पुढचा 110. असे हजारो आकडे जमले की दिसतं की जवळचे पक्षी सहसा सुटत नाहीत, लांबचे मात्र सुटत जातात, आणि किती वेगाने सुटतात त्यावरून न दिसलेल्या पक्ष्यांचाही अंदाज काढता येतो. न दिसलेले पक्षी मोजायचे! मला तर हे अजूनही भारी वाटतं.

न दिसण्याला ईबर्डवरही, म्हणजे कोणीही आपली पक्ष्यांची यादी भरू शकतो त्या वेबसाइटवरही, तेवढीच किंमत आहे. चेकलिस्ट भरताना तिथे विचारतात की ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का, त्याला हो म्हटलं तरच यादीत नसलेला पक्षी तुम्हाला दिसला नाही असं धरता येतं. अशा लाखो याद्यांवरून कुठला पक्षी कुठल्या आठवड्यात कुठे असतो याचे नकाशे बनतात. कॅलिफोर्नियात 2014 पासून याच नकाशांवरून भातशेतकऱ्यांना पैसे देऊन काही आठवडे शेतात पाणी राखायला सांगितलं जातं, स्थलांतर करणारे चिखलपक्षी तिथे उतरतात, ते गेले की शेतकरी पुन्हा आपल्या कामाला मोकळा. जमीन विकत घ्यायची गरजच नाही.

मोजणीतून कारण मात्र कळत नाही, ते वेगळं शोधावं लागतं. भारतात 1990 च्या सुमारास हजारो किलोमीटर गाडीने फिरून शिकारी पक्षी मोजले होते, 2000 मध्ये तेच रस्ते परत केले तेव्हा गिधाडं जवळजवळ नाहीशी झालेली दिसली. त्याचं कारण मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून 2004 मध्ये उघड झालं, गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध, मेलेली गुरं खाल्ली की ते गिधाडांच्या पोटात जायचं. 2007 पर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्के संपली होती. 2006 मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली, आणि घसरण मंदावली हे कळलं ते परत त्याच रस्त्यांवर गाडी फिरवून, तशीच मोजणी करून.